पुढच्या नाक्यावर काय? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की लढाया आणि राजकारण यांचा तुमच्या-आमच्या पोटापाण्याशी काय संबंध आहे असं तुम्हाला वाटतं, तर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. पाच निवडलेत. पहिल्यावर जरा जास्त लिहिलं गेलंय, विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून, तेवढं चालवून घ्या.

"ताई, मी एमपीएससीचा अभ्यास करतो. सगळीकडे लिहिलेलं असतं की युद्धामुळे व्यापार बसतो. पण पेशवाईत तर दसरा झाला की फौजा बाहेर पडायच्याच, तरी पुण्याच्या पेठा वाढत होत्या. मग खरं काय धरायचं?" – एक विद्यार्थी, सोलापूर

अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस बघ. लढाईने व्यापार बसतो हे खरं आहे पण अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं बघायचं तर पुण्याच्याच दोन लुटी शेजारी शेजारी ठेव.

१७६३ साली निजाम अलीची फौज पुण्यात शिरली, शहर लुटलं, जाळलं. पानिपत होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, डोक्यावर कर्ज, आणि गादीवर अठरा वर्षांचे माधवराव. संपलं सगळं असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्याच वर्षी राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला आणि पुणं परत उभं राहिलं, नुसतं उभं नाही तर वाढलं, भवानी पेठ, रास्ता पेठ, नाना पेठ या सगळ्या त्यानंतर वसलेल्या. पेठ वसवायची पद्धत काय, तर शेटे-महाजन नेमायचे आणि येणाऱ्या वाणी-उदम्याला कौल द्यायचा की अमुक वर्षं तुला अमुक पट्टी माफ. आणि दिलेला कौल पाळला जायचा, म्हणून तर लोक येऊन घरं बांधायचे.

आता दुसरी लूट. १७९८. दुसऱ्या बाजीरावांनी गादी मिळवताना दौलतराव शिंद्यांना मोठी रक्कम कबूल केलेली, ती द्यायला पैसे नाहीत, तेव्हा ती पुण्यातूनच वसूल करा असं ठरलं आणि शिंद्यांच्या सर्जेराव घाटगेंना शहरात मोकळं सोडलं गेलं. सावकार, जुने कारभारी, ज्याच्याकडे पैसा आहे असा संशय त्याला धरून आणायचं, मारायचं, तापलेल्या तोफेवर बसवण्यापर्यंत गोष्ट गेली. पुढे चारच वर्षांत, २५ ऑक्टोबर १८०२ ला, हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेविरुद्ध यशवंतराव होळकर जिंकले, बाजीराव वसईला गेले आणि पुण्यातून पुन्हा पैसा उकळला गेला. त्यावर १८०३-०४ चा दुष्काळ.

फरक दिसतोय का? निजाम परका होता, लुटून गेला की गेला. १७९८ ला मात्र कुंपणानेच शेत खाल्लं. ज्याने राखायचं त्यानेच परवानगी दिली म्हटल्यावर सावकार पैसा कुठे ठेवणार? जमिनीत पुरणार नाहीतर दुसऱ्या राज्यात हलवणार, पेठेत दुकान टाकणार नाही.

आणि हे फक्त पुण्यापुरतं राहिलं नाही. आधी कमाविसदार म्हणजे सरकारी माणूस असायचा, त्याचा अजमास म्हणजे वसुलीचा अंदाज ठरलेला, दरकदार म्हणजे वेगळे नेमलेले अधिकारी त्याच्यावर लक्ष ठेवायला, हिशोब पुण्याच्या फडात म्हणजे सरकारी दफ्तरात तपासला जायचा. बाजीरावांच्या काळात मामलतीच, म्हणजे तालुक्यांची वसुलीच, मक्त्याने जायला लागल्या, जो जास्त बोली बोलेल त्याला. आता विचार कर, मी जास्त बोली लावून तालुका घेतला आणि पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा शंभर रुपये जास्त देणारा आला तर माझा तालुका जाणार, मग मी विहिरीला तगाई म्हणजे शेतकऱ्याला उचल कशाला देऊ, मी यंदाच्या यंदा पिळून घेणार आणि मोकळी होणार. पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख हाती घेणाऱ्या इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या रिपोर्टात ही पद्धत सविस्तर लिहून ठेवली आहे. तो जिंकणारा होता, त्याला आधीचं राज्य वाईट दाखवायचंच होतं हे लक्षात ठेवूनच ते वाचायचं, पण मक्त्याचा मुद्दा इतर कागदांवरूनही पटतो.

या सगळ्यात एक माणूस मला फार आवडतो तो म्हणजे हुंडेकरी. तेव्हा माल न्यायचा तर वाटेत जकातीच जकाती, माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड, गुरं विकली तर शिंगशिंगोटी, आणि मधल्या वाटेवर दर थोड्या कोसांवर कुणाचा ना कुणाचा नाका, एक सरकारचा, एक इनामदाराचा, एक मक्तेदाराचा. व्यापाऱ्याला कळायचंच नाही की घाटाच्या तळाशी पोचेपर्यंत एकूण किती जाणार. तर हुंडेकरी म्हणायचा, मला एकदाच एवढे पैसे द्या, वाटेतले सगळे नाके माझ्याकडे लागले. बैलामागे एक ठरलेला आकडा. व्यापारी तो आनंदाने द्यायचा, कारण आता त्याला भाव सांगता यायचा. हुंडेकरी हे आडनाव नगरकडे आजही सापडतं.

आता हे मला इतकं का भिडतं ते सांगते. माझे मामा टेम्पो चालवायचे. लहानपणी सुट्टीत एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, रात्री दीडच्या सुमाराला एका जकात नाक्यावर (कुठल्या ते राहू दे) गाडी लावली, भुरभुर पाऊस, आणि तिथल्या माणसाने ताडपत्रीचे दोर सोडायला लावले. साबणाची खोकी होती आत. बिलात जेवढी लिहिली तेवढीच. मोजली, परत मोजली, दोन खोकी भिजली, मग पावती, मग पावतीशिवायचे वेगळे. दोर परत आवळताना मामांच्या तळहाताला वळ उठले होते. मला म्हणाले, "अगं जकात किती ती मला पाठ आहे, पण नाक्यावर किती वेळ जाईल ते कोणाला ठाऊक." मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बंद झाली, मामा ते बघायला नव्हते.

तेव्हा परीक्षेत काय लिहायचं ते तू ठरव, पण मला विचारशील तर व्यापारी लढाईला जेवढा घाबरतो त्यापेक्षा जास्त तो पुढच्या नाक्यावर काय होईल हे माहीत नसण्याला घाबरतो. आकडा मोठा असला तरी तो चालवून घेतो, आकडा ठरलेलाच नसेल तर घरी बसतो.

"आमच्या गावाशेजारी एक शिवार आहे, तलाठ्याच्या कागदावर त्या गावाचं नाव आहे आणि पुढे 'बेचिराख' असं लिहिलंय. आजी सांगायची होळकरांच्या धामधुमीत गाव उठलं. असं खरंच असेल का हो?" – एक वाचक, पारोळा तालुका

बेचिराख म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव, आपल्या महसूल खात्याचा हा शब्द ऐकला की माझ्या पोटात कालवतं.

तुमचंच गाव कशाने उठलं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, बेचिराख होण्याला पाणी आटणं, दुष्काळ, पटकी, प्लेग अशी कितीतरी कारणं असतात. पण आजी म्हणायची तो काळ खानदेशावर खरोखरच तसा आला होता. १८०२ ला होळकरांची फौज खानदेश तुडवत गेली, मागोमाग दुष्काळ, मग पेंढारी. गढ्यागढ्यांत अरब शिपाई बसले होते ते कुणाचंच ऐकत नव्हते, १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला घ्यायला इंग्रजांनाही त्यांच्याशी चांगलंच झुंजावं लागलं. आणि सातपुड्याच्या बाजूला भिल्ल. यांच्याबद्दल नुसतं 'लुटारू' लिहून मोकळं होतात ते मला अजिबात पटत नाही. त्यातले कितीतरी गावचे जागले होते, राखण करायची आणि त्याबद्दल धान्याचा, पैशाचा हक्क घ्यायचा असा करार होता, राज्य मोडलं तसे हक्क द्यायचे बंद झाले, मग जो राखत होता त्याने पोटासाठी दुसरी वाट धरली. पुढे १८२५ ला आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं तुमच्याजवळच धरणगावला होतं, आणि त्याच माणसांना महिन्याचा पगार सुरू झाल्यावर वाटा चालू व्हायला लागल्या.

गावं परत वसवायला जुनाच उपाय होता, इस्ताव्याचा कौल. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दर वर्षी थोडा थोडा वाढवत काही वर्षांनी पूर्ण. इंग्रजांनी पण तोच वापरला. मात्र त्यांचं सगळं बरोबर होतं असं समजू नका. १८२८ च्या सुमाराला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुण्याकडे जमिनी मोजून सारा बसवला, कागद नीटनेटके, आकडा इतका जास्त की लोक शेतं टाकून निघून गेले. शेवटी १८३६ मध्ये इंदापुरात नवीन मोजणी करून, सारा उतरवून, तीस वर्षांसाठी बांधून दिला तेव्हा टाकलेली रानं परत नांगराखाली यायला लागली.

"मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, सोमालियाच्या बाजूने जहाज जातं तेव्हा जीव टांगणीला लागतो. त्याने सांगितलं की तिथे कित्येक वर्षं धड सरकारच नव्हतं पण मोबाईलवर पैसे पाठवणं जोरात चालतं. सरकार नाही तर कंपन्या चालतात कशा?" – एक आई, रत्नागिरी

ताई, आधी तुमच्या काळजीचं. मार्च २०११ मध्ये आपल्या नौदलाने एका पळवलेल्या मासेमारी जहाजावरून ६१ चाचे पकडून मुंबईला आणले होते, मार्च २०२४ मध्ये आणखी ३५ आणले, आणि २०२२ मध्ये चाचेगिरीविरुद्ध वेगळा कायदाही झाला. २००८ पासून आपली जहाजं एडनच्या आखातात गस्तीला असतात. म्हणजे धोका आहे पण मुलगा एकटा नाही.

आता तुमचा प्रश्न. सोमालियातलं हुकूमशहा सियाद बारेचं सरकार जानेवारी १९९१ ला पडलं, सेंट्रल बँक बंद, पोलीस नाही, कोर्ट नाही. तरी बाजार थांबला नाही. उंट, शेळ्या-मेंढ्या उत्तरेच्या बर्बेरा बंदरातून जहाजाने सौदीला जात राहिल्या, हजच्या दिवसांत तर खास. दुबई, लंडन, अमेरिकेतले सोमाली घरी पैसे पाठवायचे ते हवाल्याने, म्हणजे आपल्या हुंडीचंच भावंड, इकडे डॉलर भरा, तिकडे भावाला मिळतील, मध्ये फक्त ओळख आणि शब्द. व्यवहार फिसकटला तर भरपाई माणूस एकटा देत नाही, त्याचं कूळ देतं, त्यामुळे कूळच त्याला ताळ्यावर ठेवतं. २००१ मध्ये अमेरिकेने अल-बरकात ही सगळ्यात मोठी हवाला कंपनी दहशतवादाच्या संशयावरून बंद पाडली तेव्हा कितीतरी घरांचे पैसे अडकले. त्यानंतर २००२ ला होर्मुद ही टेलिफोन कंपनी उभी राहिली आणि २०११ पासून तिच्या मोबाईलवर डॉलरमध्ये पैसे फिरायला लागले. खोट्या शिलिंग नोटांचा एवढा सुळसुळाट झालेला की भाजीवालीलाही मोबाईलवरचा डॉलर बरा.

पण नीट बघा काय वाढलं आणि काय मेलं. वाढलं ते सगळं उचलून नेता येणारं किंवा पैसा लवकर परत देणारं. जनावरं चालत जातात, टॉवर काही वर्षांत पैसे वसूल करतो. मेल्या त्या केळीच्या बागा. शबेले नदीकाठी मोठमोठ्या बागा होत्या, इटलीला केळी जायची, नव्वदच्या दशकात बंदर कुणाचं आणि वसुली कुणाची यावरून टोळ्या एकमेकांवर तुटून पडल्या आणि तो धंदाच बसला. बाग उचलून नेता येत नाही ना. तुमच्याकडे हे कळायला वेळ लागणार नाही, हापूसचं कलम लावणारा माणूस दहा वर्षांनंतरचा विचार करून खड्डा खणतो, उद्या ही जमीन माझीच राहील का हेच माहीत नसेल तर तो नाचणी पेरेल, कलम नाही लावणार.

आणि नाके तिथेही आहेतच. वाटेवर प्रत्येक टोळीचा दोर बांधलेला, प्रत्येकाला द्या. अल-शबाब ही दहशतवादी संघटना जिथे बसली तिथे ती एकदा वसूल करते आणि पावती देते, पुढच्या तिच्या नाक्यावर ती पावती चालते, हे संयुक्त राष्ट्रांच्या रिपोर्टांत आलेलं आहे, आणि ट्रकवाले कधीकधी तोच रस्ता धरतात कारण खर्च आधी कळतो. हे लिहिताना माझा हात अडखळतो. त्याच पैशातून बॉम्ब बनतात, १४ ऑक्टोबर २०१७ ला मोगादिशूत एका ट्रकस्फोटात पाचशेहून जास्त माणसं गेली. ठरलेल्या आकड्याची भूक ट्रकवाल्याला कुठपर्यंत नेते ते यातून दिसतं, आणि म्हणून ती पावती देणारं साधं, जाब विचारता येईल असं सरकार लागतं.

त्याच देशाच्या उत्तरेला सोमालीलँडमध्ये दुसरं घडलं. १९९१ ला ते वेगळे झाले, आपसात लढलेही, पण १९९३ मध्ये बोरामा नावाच्या गावात कुळांचे म्हातारे काही महिने बैठक मारून बसले आणि राज्य कसं चालवायचं ते ठरवूनच उठले. त्या म्हाताऱ्यांना आज संसदेचं वरचं सभागृह आहे. बर्बेरा बंदराची जकात एका तिजोरीत जाते. गरीब आहेत अजून, पण रस्त्यावर दोर नाहीत.

"मग एकहाती कडक माणूसच बरा ना? सगळ्यांची तोंडं बंद, एकच नाका, एकच हुकूम. लोकशाहीत नुसता गोंधळ." – एक निवृत्त वाचक, कोल्हापूर

दादा, तुमचा वैताग समजतो, पण एकच हुकूम म्हणजे ठरलेला हुकूम नव्हे. युगांडात हुकूमशहा इदी अमीनचा एकच हुकूम होता. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने जाहीर केलं की आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडावा. बहुतेक गुजराती, पण गोव्याचीही पुष्कळ कुटुंबं होती, सरकारी हापिसातले कारकून, शिंपी, दोन-तीन पिढ्या तिथे राहिलेले, बॅगा भरून निघाले. दुकानं, कारखाने शिपायांना आणि मर्जीतल्या माणसांना वाटले. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला साखरेचं सांगते, काकिरा आणि लुगाझीचे साखर कारखाने देशाची गरज भागवत होते, दहा वर्षांच्या आत ते जवळजवळ थंड पडले. पुढे अमीनची सत्ता गेल्यावर नंतरच्या सरकारांनी मालमत्ता परत देऊन मालकांना बोलावलं तेव्हा धुराडी परत पेटली.

उलट बोट्सवाना बघा. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक, पक्की सडक देशभरात जेमतेम बारा किलोमीटर. वर्षभरात ओरापाला हिरे सापडले. हिऱ्यांवरून किती देशांत रक्त सांडलं ते तुम्हाला माहीत आहे. इथे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खनिजावरचा हक्क जमातींकडून देशाकडे आणला, त्यात त्यांच्या स्वतःच्या जमातीचाही हक्क गेला, आणि हिरे काढणाऱ्या कंपनीशी निम्म्या-निम्म्याचा करार केला. त्यांच्याकडे क्गोट्ला नावाची गावसभा असते, आपल्या चावडीसारखी, मुखियासमोर कुणीही उठून बोलू शकतो. गोंधळ तिथेही होतो. २०२४ मध्ये ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला, अध्यक्षांनी हार मान्य केली, खुर्ची सोडली, दुसऱ्या दिवशी दुकानं उघडी.

"द्राक्षं युरोपला जातात. तांबड्या समुद्रात हुथींनी जहाजांवर हल्ले केले आणि आमच्या हिशोबातून भाडं कापलं. आमचा काय संबंध त्या लढाईशी?" – एक बागायतदार, निफाड

भाऊ, संबंध नाही आणि तरी पैसे तुमचेच गेले, राग येणारच. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, दहा-पंधरा दिवस जास्त, रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर तेवढे दिवस अडकलेला, इंधन जास्त, विम्याचा वॉर रिस्क म्हणजे युद्धाच्या धोक्याचा प्रीमियम जास्त. द्राक्षाला पंधरा दिवस म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, देठ वाळला की भाव गेला.

तुमच्या हातात एकच जागा आहे, ती म्हणजे छाटणीनंतर माल ठरवतानाचा कागद. एक, भाव बागेत पक्का होतोय की तिकडे विकल्यावर हिशोब होणार, हे विचारा. विकल्यावर असेल तर वाटेतला सगळा धोका तुमचा आहे. दोन, भाडं वाढलं तर ते कोणाकडे, हे लिहून घ्या, तोंडी नको. तीन, विम्याची पॉलिसी मागून बघा, साध्या माल-विम्यात युद्धाचं नुकसान धरत नाहीत, ते वेगळं घ्यावं लागतं, आणि नुसत्या उशिराने माल खराब झाला तर ते तर बहुतेक पॉलिसीत धरतच नाहीत, मग उशीर लढाईमुळे का झालेला असेना. तुमच्याकडे करार असेल तर त्याचा फोटो पाठवा, नाव-गाव झाकून, पुढच्या अंकात ओळ न् ओळ बघू.